मालकाची सही

जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळी दहा.
ठिकाण: दौंड, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची खोली.
हजर: मामी, राहू गावचे एक शेतकरी, ज्यांना मामा नुसतं ‘राहू’ म्हणायचे, आणि शिरूरहून मी.
गैरहजर: मामा. त्यांना जाऊन दोन महिने झाले.
काम: टेबलावर राहिलेली वाद्यं ज्याची त्याला परत करणे. एकूण चार. त्यांतलं एक माझं.

मला असं लिहून घेतल्याशिवाय कामाला हात घालता येत नाही. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. बोल्ट गेला तरी चिठ्ठी, बेअरिंग आलं तरी चिठ्ठी. दिवसाला शंभरेक सह्या करते आणि मोजल्याशिवाय एकही करत नाही. निदान एका सहीपर्यंत करत नव्हते. त्या सहीपर्यंत येण्याआधी मामा कोण होते ते सांगायला हवं.

मामा माझे सख्खे नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. ते रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. निवृत्तीनंतर इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायचे. ही उडी ऐकणाऱ्याला लांबची वाटते, त्यांना वाटत नव्हती. कॉलनीत पूर्वी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. त्यांची गिटार ऐन नाताळात बंद पडली आणि तरुणपणी मामांनी ती पहिल्यांदा उघडली. आत पाहून म्हणाले, “हे तर आपलंच खातं हाय. गुंडाळी, चुंबक, स्विच आन् अर्थिंग.” तो नाद राहिला, आणि निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतले बॅन्जो पार्टीवाले, भजनी मंडळात गिटार घुसवणारे, चर्चमधली मुलं आणि माझ्यासारखे उशिरा सुचलेले लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

माझ्या यादीत ‘गिटार शिकणे’ ही ओळ बावीस वर्षं होती. दोन्ही मुली हॉस्टेलला गेल्यावर मी ती वर घेतली. जुन्या बाजारातून एक इलेक्ट्रिक गिटार आणली. महिन्याभरात ती खरखरायला लागली आणि कुणीतरी दौंडचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी मी तयारीनं गेले होते. गिटारच्या एकूण अकरा तक्रारी टाईप करून, क्रमवार. मामांनी कागद घेतला, चष्मा वर करून सगळा वाचला, चौपदरी घडी घातली आणि टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारली. टेबल हलवून पाहिलं.

“ह्याचा उपयोग झाला,” म्हणाले. “बोला शिरूर, दोष काय हाय?”

“त्यातच लिहिलंय सगळं.”

“अकरा दोष कुठल्याच गाडीत नसत्यात. एक असतो, बाकीचे दहा त्याचे पाव्हणे. एकच सांगा.”

मी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा शिरूरच म्हणाले. ते सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे, जसं कंट्रोलवाले स्टेशनाला मारतात. “पाटस, बसा जरा. केडगाव, तुमचा स्विच झाला. राहू, लाईन क्लिअर न्हाई, थांबा.” मी एकदा म्हटलं, “मामा, शिरूरला रेल्वेच नाही.” ते म्हणाले, “म्हणून तर तुमी यष्टीनं येता. स्टेशन हाय, रूळ न्हाईत, एवढंच.”

गिटार उघडण्याआधी ते रजिस्टर उघडायचे. शाळेची लांब वही, पुठ्ठ्यावर कापड चिकटवलेलं. नाव: डिस्कनेक्शन मेमो. ही पद्धत त्यांनी रेल्वेतून जशीच्या तशी आणली होती. सिग्नलच्या कुठल्याही भागाला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरची सही घ्यायची, की हा भाग आता बंद. काम झालं की दोघांनी मिळून चालवून बघायचा, मग दोघांच्या सह्या, की हा भाग आता चालू. पहिल्या सहीपासून दुसऱ्या सहीपर्यंत कुठल्याही गाडीनं त्या सिग्नलवर विश्वास ठेवायचा नाही.

गिटारलाही तेच. रकाने असे: क्रमांक, स्टेशन, वस्तू, दोष, बंद केली, चालू केली, दुरुस्त करणाऱ्याची सही, मालकाची सही. दोषाच्या रकान्यात मालकानं आपल्या शब्दांत लिहायचं, मामा दुरुस्त्या करत नसत. ते रकाने वाचणं हा माझा चहाच्या वेळचा उद्योग होता. ‘पाटस: मधेच लाजते.’ ‘केडगाव: आवाज येतो पण मनापासून येत नाही.’ ‘राहू: म्हशीला पडसं झाल्यावानी.’ माझी पहिली नोंद होती: ‘वायर हलवली की खरखर.’ दोष प्लगच्या खोबणीत होता. मामांनी दहा मिनिटांत काढला आणि सही घेण्याआधी वीस मिनिटं मला तीच तार हलवायला लावली.

“आणखी किती वेळ हलवू?”

“कंटाळा येईस्तवर. दोषाला पण कंटाळा येतो, तवा त्यो बाहेर पडतो.”

त्यांचे नियम लिहिलेले नव्हते, म्हणून मी लिहून काढले. एक, दोष तीनदा दिसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. दोन, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. तीन, डाख देण्याआधी चहा, नंतर नाही. डाख म्हणजे तार जोडताना वितळवून लावतात तो धातू. चहाची तलफ आलेला हात कापतो आणि कापत्या हातानं दिलेला डाख टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. चार, दिलेला डाख दुसऱ्या माणसानं ओढून बघायचा. “आपलं पोरगं आन् आपला डाख, आपल्याला चांगलंच दिसतं.”

ही यादी मी लॅमिनेट करून भिंतीला लावली. त्यांनी ती उतरवली नाही, पण खिळ्यावर तिच्यापुढे टोपी अडकवायला सुरुवात केली.

एकदा मला राहवलं नाही. त्यांच्याकडे स्क्रू, नट आणि जुने स्विच एकतीस डब्यांत कोंबलेले होते. एक अख्खा रविवार घालवून मी ते निवडले, लावले, प्रत्येकावर लेबल चिकटवलं. पुढच्या रविवारी गेले तर सगळी लेबलं सोलून एका बत्तिसाव्या डब्यात ठेवलेली.

“मामा, अहो का?”

“लेबल लावलं की माणूस डब्यात बघत न्हाई. लेबल वाचतो.”

मामी आतून म्हणाल्या, “ताई, त्यांच्या नादी लागू नका. माझ्या तिखटाच्या डब्यात पण फ्यूज सापडत्यात.”

मामी खोलीच्या दाराशी शिवणयंत्रावर बसायच्या. नवरा-बायकोत दिवसभर टोमण्यांची देवघेव चालायची, आणि मामींचा नेम चांगला होता. “सिग्नल हिरवा झालाय, जेवायला या,” असं म्हणायच्या. ते आले नाहीत तर, “आता लाल झाला.” मग ताट खरोखर झाकून ठेवलं जायचं.

मामांची खरी करामत कानाची. गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला जोडायची, डोळे मिटायचे, आणि पेचकसाचं टोक एकेका पिकअपवर टकटकवायचं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची गुंडाळी, जी तारेचं थरथरणं विजेत बदलते. माझ्या गिटारला असे तीन आहेत: मागचा, मधला, पुढचा. आणि पाच खाचांचा एक स्विच. एक, तीन आणि पाच नंबरच्या खाचेत एकेकटा पिकअप बोलतो. दोन आणि चार नंबरला दोन-दोन मिळून बोलतात. मामा खाच बदलत टकटक करत जायचे आणि सांगायचे, “हा जिवंत. हा जिवंत. हा झोपलाय.” वीज मोजायचा मीटर त्यांच्याकडे होता, काट्याचा, जाडजूड, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. तो ते क्वचितच काढायचे. सिग्नलच्या खोलीतले रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे स्विच, ते कानानं ओळखायचे म्हणे. चाळीस रिले टिकटिकत असताना एक उशिरा टिकटिकला तर हातातला घास खाली ठेवायचे.

आता कुकरची गोष्ट. ती मला तेव्हा गमतीची वाटली होती.

मामांची तक्रार सुरू झाली की घरातला कुकर शिट्टी देत नाही. त्यांनी शिट्टी खोलली, साफ केली, बसवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा खोलली. तिसऱ्यांदा रजिस्टरात नोंद करून खोलली: ‘स्टेशन: स्वयंपाकघर. दोष: गप्प.’ मालकाच्या सहीसाठी वही मामींपुढे धरली. मामींनी मशीन थांबवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि सही केली. मी हसले होते. मालगाडीचा भोंगा मामांना घरात बसून ऐकू यायचा आणि कुठलं इंजिन आहे तेही ते सांगायचे. त्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मामींच्या आलं होतं.

गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गिटार घेऊन गेले. रजिस्टरात लिहिलं: ‘दोन नंबरला खरखर, मग गप्प.’ मामांनी तीनदा दोष बघितला, चहा घेतला, मग झाकण उघडलं. स्विचच्या पत्र्या काळ्या पडल्या होत्या, त्या घासल्या. मधल्या पिकअपचे दोन्ही डाख तडकले होते. ते सोडवले, तारा साफ केल्या, पुन्हा जोडल्या. त्या पिकअपच्या दोन्ही तारांवर कापडी वेष्टण होतं, मूळचे रंग कधीच उडालेले. दोन्ही सारख्याच मळकट. मला आठवतं, त्या वेळी गल्लीत उसाचा ट्रॅक्टर अडकला होता आणि मामांनी दोनदा मान वर करून बाहेर बघितलं होतं.

मामी बाजारात गेल्या होत्या, म्हणून डाख मी ओढून बघितले. पक्के होते. गिटार अँपला जोडली. मामांनी डोळे मिटले, टकटक केलं. तिन्ही जिवंत. मग मला म्हणाले, “वाजवा. पाची नंबर.”

एक नंबर छान. दोन नंबरला मात्र आवाज पातळ झाला. खरखर नव्हती, गप्पही नव्हता, पण त्यातला भरीवपणाच गेला होता, जसं कुणी नाक चिमटीत धरून बोलावं. तीन छान. चार पुन्हा तसाच पातळ. पाच छान.

मामा डोळे मिटून, मान कलती करून बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं. “आता गाडी सरळ धावतीया,” म्हणाले. “कसं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, बोटांना डाखाचे जुने चटके, तीन तास पाठ वाकवून बसलेला. मी म्हटलं, “छान.”

त्यांनी आपली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मी मालकाच्या रकान्यात सही केली.

परतीच्या एसटीत गिटार मांडीवर आडवी घेऊन बसले होते. वाटेतलं न्हावरा गाव येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की दोन आणि चार नंबर मी फारसे वापरत नाही. पाचांतले तीन चालतात. स्टोअरमध्ये कुणी मला पाचांतले तीन बोल्ट देऊन पाचांची सही मागितली असती, तर मी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

पुढच्या रविवारी मी गिटार नेली, कारण नेली नसती तर मामांनी विचारलं असतं. त्या दिवशी राहूही आले होते, त्यांच्या बास गिटारचं काम घेऊन. मामा खुशीत होते. म्हणाले, “वाजवा शिरूर, राहूला दाखवा.” मी एक नंबरवरच वाजवत राहिले. मामांनी हात पुढे करून स्विच स्वतःच दोनवर ढकलला.

दाराशी मामींचं मशीन थांबलं.

“अहो,” मामी म्हणाल्या, “ताईंची गिटार नाकातनं का बोलतीया?”

मामांनी ऐकलं. मामींचं बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पुन्हा वाजवा.” मी वाजवलं. त्यांनी अँपच्या जाळीला कान लावला. “पुन्हा.” मग सरळ बसले.

“राहू, तुमाला कसं ऐकू येतंय?”

राहू अवघडले. “मामा, जरा बारीक येतंय. पर चालतंय की.”

“शिरूर, तुमाला?”

“पातळ येतोय.”

“त्या दिवशी?”

खोटं बोलायची ती दुसरी संधी होती. मी घेतली नाही. “त्या दिवशीही.”

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझ्या नोंदीवर बोट ठेवलं. मग पेन घेऊन खोडलं. माझी सही नाही, त्यांची स्वतःची.

“मामा, चूक माझी आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी...”

“माझे कान गेल्यात, ते मला म्हाईत हाय,” ते म्हणाले. “कुकर तीनदा खोलल्यावर न कळायला मी काय खुळा हाय? बारीक आवाज आन् आवाजातला बारीक फरक दोन सालापास्नं कळत न्हाई. म्हणून तर सही घेतो. पूर्वी पद्धत म्हणून घ्यायचो, आता कान म्हणून घेतो. त्या दिवशी ह्या खोलीत दोन कान तुमचे होते, शिरूर. मी तुमच्या कानावर गाडी सोडली.”

मामींनी मशीनवरून न उठता सांगितलं, “झालं न्हवं बोलून? आता दोष काढा. सिग्नल हिरवा हाय तवर.”

मामांनी फडक्यातून काट्याचा मीटर काढला. माझ्यासमोर ठेवला. “कानानं झालं. आता डोळ्यानं ऐकू. काम तुमी करायचं.”

गिटारचं झाकण त्यांनी उघडलं, पण पुढचं एकेक त्यांनी फक्त सांगितलं. मागच्या पिकअपच्या दोन तारांना मीटर लावायचा: एक टोक स्विचला जाणाऱ्या तारेला, दुसरं अर्थिंगला जाणाऱ्या तारेला. पेचकसाचं पातं पिकअपवर टेकवायचं आणि झटक्यात वर उचलायचं. काट्याकडे बघायचं. मी उचललं. काटा किंचित उजवीकडे दचकला.

“लिहा.”

मी लिहिलं. पुढचा पिकअप: उजवीकडे. मधला: डावीकडे.

मी पुन्हा केलं. डावीकडे. तिसऱ्यांदा, डावीकडे.

“तीनदा झालं,” मी म्हटलं.

“मग सांगा, दोष काय?”

ते माझ्याकडून काढून घेत होते, शाळेत घेतात तसं. मी विचार करत सांगितलं: मधल्याच्या दोन तारांची अदलाबदल झालीय. एकटा बोलतो तेव्हा काही फरक पडत नाही. दुसऱ्याबरोबर बोलतो तेव्हा तो ढकलतो आणि हा ओढतो, त्यामुळे आवाजातला जाड भाग एकमेकांत मरतो. उरतो तो पातळ.

“बैलजोडीतला एक उलटा जुपला,” राहू म्हणाले.

“जुपला मी,” मामा म्हणाले. “लिहा ते पण.”

मी लिहिलं नाही. त्यांनी वही ओढून स्वतः लिहिलं: ‘तारा उलट. दुरुस्त करणाऱ्याची चूक.’

त्यांनी मधल्याचे दोन्ही डाख सोडवले. कुठली तार कुठे जायची ते पुन्हा चुकू नये म्हणून मामींच्या डब्यातला लाल दोरा एका तारेला बांधला. “लाल दोऱ्याची स्विचला. बिनदोऱ्याची अर्थिंगला, म्हंजी व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर. जोडायचं तुमी. आज न्हाई. पुढच्या रविवारी. तवर घरी तारांच्या तुकड्यावर शंभर डाख द्या.”

“शंभर?”

“तुमाला मोजायला आवडतं न्हवं?”

गिटार तिथेच राहिली. आठवड्याभरात मी एकशे बारा डाख दिले. त्यांतले चाळीसेक बरे होते. पुढच्या रविवारी कारखान्यात मालमोजणी लागली. मी कॅलेंडर बघितलं आणि ‘दौंड, दोन डाख’ ही ओळ पुढच्या रविवारी ढकलली. फोनवर मामा म्हणाले, “येऊ द्या सावकाश. मेमो उघडा हाय, गाडी काय जात न्हाई तिकडनं.”

मधल्या गुरुवारी सकाळी, हातात चहाचा कप असताना, ते गेले.

आज टेबलावर चार वाद्यं होती. पाटसचं आणि केडगावचं तयार होतं, त्यांची मालक मंडळी सकाळीच येऊन, वाजवून, सह्या करून गेली. राहूंची बास गिटार मामांनी शेवटच्या आठवड्यात पूर्ण केली होती, मामांची सही आधीच होती. राहूंनी ती जवळजवळ अर्धा तास वाजवली. मामी ऐकत होत्या. “आता कसं?” राहूंनी विचारलं. मामी म्हणाल्या, “म्हशीचं पडसं गेलं.” राहूंनी सही केली, मग वही डोक्याला लावली. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग माझी गिटार. मी चहा घेतला. भिंतीवरची टोपी मामींनी काढलेली नव्हती, ती थोडी बाजूला सरकवून मी स्वतःचीच यादी वाचली. सोल्डरिंग आयर्न तापवलं. लाल दोऱ्याच्या तारेचं टोक साफ केलं, स्विचच्या खुंटीला डाख दिला. राहूंनी ओढून बघितला. पक्का.

दुसरी तार पॉटच्या पाठीवर. पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालची डबी; तिची पाठ म्हणजे रुपयाएवढी धातूची चकती, आणि धातूचा मोठा तुकडा उष्णता गिळतो. घरी मी सगळे डाख बारीक तारांवर दिले होते, हे तिथं लक्षात आलं. डाख दिला, वर राखाडी गोळा बसला. राहूंनी ओढला आणि तार अलगद वर आली.

“कोरडा हाय,” राहू म्हणाले.

पाठ पॉलिश पेपरनं घासली. पुन्हा दिला. पुन्हा आली. तिसऱ्यांदा जास्त वेळ धरलं, तर पॉटमधून जळका वास यायला लागला आणि मी हात काढला. तार पुन्हा आली. मामांचं एक जाड आयर्न होतं, तांब्याच्या टोकाचं, ते अशा कामाला काढायचे. एकतीस डब्यांत आणि टेबलाखाली शोधलं. मामींनी तिखटाचे डबेसुद्धा बघितले. मिळालं नाही. मी लावलेली लेबलं असती तरी मिळालं नसतं, कारण ते मी त्या वेळी मोजलंच नव्हतं.

साडेतीन झाले. माझी एसटी सव्वाचारची.

राहूंनी गिटार उचलून अँपला लावली आणि एक नंबरवर तार छेडली. खणखणीत आवाज आला. पाच नंबर, तोही खणखणीत. “ताई,” ते म्हणाले, “मधला बंद असला तरी वाजतीया की. करा सही. मामा न्हाईत आता, कोण बघतंय? वही तरी पुरी हुईल.”

ते प्रेमानं म्हणत होते. वही पुरी व्हावी असं मलाही वाटत होतं. उघडी नोंद मला झोपू देत नाही. मामी माझ्याकडे बघत नव्हत्या, मशीनच्या सुईत दोरा ओवत होत्या, आणि दोरा केव्हाच ओवून झाला होता.

“दोन नंबरला लावा,” मी राहूंना म्हटलं.

त्यांनी लावला. आवाज आला, मागच्या एकट्याचा. मधला गप्प.

“नाही,” मी म्हटलं. पेनाचं टोपण लावलं.

मामींनी मान वर केली. “त्यांच्या रकान्यात कोण करणार सही? जवा हुईल तवा?”

“दुरुस्त करणारी मी. तिथं मी करते. मालकाच्या रकान्यात तुम्ही करा. कान तुमचे.”

“मी मालक कशी?”

“नाकातून बोलते म्हणून कुणी सांगितलं होतं?”

त्यावर त्या हसल्या, दोन महिन्यांत मी पहिल्यांदा ऐकलं. मी वही पिशवीत घालायला गेले तशी त्यांनी ती काढून घेतली. “रजिस्टर स्टेशनातनं हलत न्हाई. तुमीच या.”

गिटारही ठेवूनच निघाले, झाकण उघडं, बिनदोऱ्याच्या तारेवर कापूस, कुणाचा हात लागू नये म्हणून. पुढच्या रविवारची यादी एसटी स्टँडवर उभी राहून लिहिली.

एक, जाड टोकाचं आयर्न, शिरूरच्या बाजारातून. दोन, जुने पॉट दहा, सरावासाठी. तीन, मालमोजणी असली तरी रजा. चार, दौंड, सकाळी दहा, हजर: मामी, राहू, मी. पाच, बिनदोऱ्याची तार, पॉटच्या पाठीवर, एक डाख. बाकी.